पिकअपला नवा क्लच टाकलाय? सुरुवातीच्या दिवसांत या चुका टाळा

डिझेल पिकअपला नवा क्लच पडला की काही जण दुसऱ्याच दिवशी ट्रेलर जोडून घाट गाठतात. काही जण उलट फार जपतात. पहिले पाचशे किलोमीटर हायवेवर टॉप गिअरमध्ये शांतपणे काढायचे आणि मग क्लच बसला, म्हणजे नव्या प्लेटचा पृष्ठभाग घासून समोरच्याशी नीट जुळला, म्हणून मोकळे व्हायचे. पहिल्याचं चुकतं हे कुणीही सांगेल. पण दुसऱ्यानेही काही साधलेलं नसतं.

कारण क्लच घासतो तो पेडल दाबताना आणि सोडतानाच. टॉप गिअरमध्ये गाडी एका वेगाने पळत असते तेव्हा क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि इंजिनबरोबर फिरणारा जड चक्का म्हणजे फ्लायव्हील एकमेकांना घट्ट धरून एकत्र फिरतात. तिथे घासणं नाही, म्हणून बसणंही नाही. साध्या ऑरगॅनिक लायनिंगच्या (रेझिनने बांधलेल्या, घासणाऱ्या थराच्या) प्लेटसाठी साधारण 500 ते 800 किलोमीटर सांगितले जातात, पण ते गर्दीतले, थांबत-निघत केलेले. गाडीचा निम्मा वापर हायवेवर असेल तर हा आकडा बिनधास्त वाढवा. सिरॅमिक किंवा सिंटर्ड (धातूची भुकटी भाजून केलेल्या) प्लेटचं गणित निराळं असतं, तिथे किटसोबतचा कागदच प्रमाण माना.

नवी प्लेट डोळ्यांना सपाट दिसते, तरी सुरुवातीला ती फक्त उंचवट्यांवर टेकते. सगळा टॉर्क (फिरवण्याचा जोर) त्या थोड्या जागेतून जातो आणि तिथेच उष्णता साठते. डिझेलमध्ये हे जास्त भोवतं, कारण त्याचा जोर 1500 ते 2500 आरपीएमच्या आसपासच येतो. इंजिनचा आवाज शांत असतो, ड्रायव्हरला वाटतं आपण हळूच चाललोय, आणि खाली क्लचवर पूर्ण ताकद आदळत असते. लायनिंग फार तापलं की त्यातलं रेझिन वर येऊन कडक थर बनतो. अशी प्लेट उघडली की काचेसारखी चकाकते, आणि फ्लायव्हीलवर निळसर-जांभळे डाग दिसतात. मग कंपनीला शिव्या देऊन उपयोग नसतो.

चालवताना होणाऱ्या चुका

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चढावर हाफ क्लचवर (पेडल अर्धवट दाबून) गाडी धरून ठेवणं. सिग्नलला ब्रेक नाही, हँडब्रेक नाही, फक्त पायाच्या अंदाजावर गाडी तरंगत उभी! जुना क्लच हे थोडंफार सोसतो, नवा नाही.

दुसऱ्या गिअरमध्ये उठवणंही बंद करा. पिकअपचा पहिला गिअर ओझ्यासाठीच दिलेला असतो. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी असेल तर बहुतेक डिझेल इंजिनं अॅक्सिलरेटरला पाय न लावताही गाडी पुढे सरकवतात. पेडल हळू सोडा, पण रेंगाळू नका. हळू सोडणं आणि क्लच घासत ठेवणं यांत फरक आहे, आणि 'नवा क्लच जपतोय' म्हणणारे बरेच जण नेमके घासतच असतात.

ट्रेलर, भरलेला हौदा, दुसऱ्याची अडकलेली गाडी ओढणं, फुल थ्रॉटल हे सगळं या काळात नको. ओझं घेऊन मागे घेण्याची वेळ आलीच आणि गाडी फोर बाय फोर असेल, तर माती-खडीवर लो रेंज (वेग कमी, जोर जास्त देणारे गिअर) वापरा. रिव्हर्स गिअरमध्ये गाडी रांगवताना क्लच जितका जळतो तितका क्वचितच कुठे जळत असेल. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र लो रेंजमध्ये तीव्र वळण घेऊ नका.

आणि डावा पाय पेडलवर विसावलेला नको. नुसत्या पायाच्या वजनानेही रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबल्यावर प्लेट सोडवणाऱ्या बेअरिंगवर) दाब राहतो आणि प्लेटची पकड ढिली पडू शकते.

तक्रार आली तर आधी काय बघायचं

पहिल्या एक-दोन दिवसांत हलका वास येणं चालतं. झोंबणारा, जळका वास आला तर गाडी सपाट जागी न्यूट्रलला उभी करा, पेडल पूर्ण सोडा आणि गार होऊ द्या. 'बघू पकडतोय का' म्हणून पुन्हा पुन्हा पेडल खेळवण्यानेच उरलंसुरलं जातं.

स्लिपची, म्हणजे प्लेट घसरण्याची, शंका असेल तर हँडब्रेक ओढून इंजिन बंद पडतं का, ही चाचणी नव्या क्लचवर अजिबात करू नका. बसल्यानंतर मोकळ्या रस्त्यावर टॉप किंवा त्याच्या खालच्या गिअरमध्ये 1500-2000 आरपीएमला या आणि अॅक्सिलरेटर दाबा. आरपीएमचा काटा उसळी मारून वेग तसाच राहिला तर प्लेट घसरतेय. इंजिनचं ट्यूनिंग करून टॉर्क वाढवला असेल तर मूळ ताकदीचा क्लच कितीही नीट बसवा, तो पुरणार नाही.

उठताना गाडी थरथरते ही तक्रार सगळ्यात गोंधळाची. दमट सकाळी दोन-चार वेळा उठवल्यावर थरथर थांबली तर फ्लायव्हीलवरचा ओलावा किंवा बारीक गंज असतो, काळजी नको. रोजच थरथरत असेल तर फिटिंगकडे वळा. फ्लायव्हील लेथवर फेस (घासून सपाट) न करता तसाच ठेवला होता का? ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचा, मध्ये स्प्रिंग असलेला) असेल तर तो सहसा फेस करत नाहीत, त्याचा खेळ (ढिलेपणा) तपासून गरज असेल तर बदलतात. प्लेटला ग्रीसचा किंवा ऑइलचा हात लागला होता का? स्प्लाइनवर (गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवरच्या खाचांवर) ग्रीस नावापुरतंच लावतात, जास्त झालं की फिरताना उडून थेट लायनिंगवर जातं. क्रँकचं मागचं ऑइल सील पाझरत असताना नवी प्लेट टाकली असेल तर प्लेटचा दोष कसला? आणि गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लटकलं असेल तर प्लेटचा मधला भाग वाकतो. ती प्लेट शेकडो किलोमीटरनंतरही बसणार नाही.

गिअर, विशेषतः रिव्हर्स, करकरत पडत असेल तर प्लेट पूर्ण सुटत नाहीये. हायड्रॉलिक क्लच असेल तर आधी लाइनमधली हवा काढून घ्या. दोन-तीनदा पेडल मारल्यावर गिअर सहज पडला तर हवेचाच संशय धरा. केबलवाला असेल तर फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी हालचाल) तपासा. एवढं करूनही फरक नसेल तर प्लेट उलटी बसलीय का ते बघायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

आवाज मात्र कान देऊन ऐका: पेडल दाबल्यावर आला तर बोट बहुतेक रिलीज बेअरिंगकडे, न्यूट्रलला पेडल सोडल्यावर येऊन दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगकडे. दुसऱ्या प्रकारात क्लच पुन्हा उघडायची घाई करू नका, आधी गिअर ऑइलची पातळी बघा.