झोळीची दोरी सोडताना: बाळाला गादीवर झोपायची सवय कशी लावावी

सात-आठ महिन्यांचं बाळ संध्याकाळी झोळीत दहा मिनिटांत झोपतं. मग रात्री अकराला उठतं, एकला उठतं, तीनला उठतं, आणि दर वेळी झोका दिल्याशिवाय डोळे मिटत नाही. घरातले म्हणतात, पोट भरत नसेल, रात्री नाचणीचं सत्त्व चारा. बहुतेक वेळा यात पोटाचा काही दोष नसतो. झोप फेऱ्यांमध्ये येते. बाळाची एक फेरी साधारण 50 ते 60 मिनिटांची असते, मोठ्यांची 90 च्या आसपास. दोन फेऱ्यांच्या मध्ये सगळ्यांचीच झोप चाळवते. आपण कूस बदलतो, चादर ओढतो आणि सकाळी ते आठवतही नाही. बाळाला मात्र झोप लागताना झोका होता, आणि आता झोळी स्थिर आहे. मग ते झोका मागतं. झोळीच्या जागी मांडी, अंगावरचं दूध किंवा बाटली असली तरी हिशेब तोच. म्हणून सगळी मेहनत संध्याकाळी झोप लागण्याच्या त्या काही मिनिटांवर घ्यायची. तिथे बदल झाला की मध्यरात्रीचा बराचसा भाग आपोआप सुटतो.

पहिल्या तीन महिन्यांत हे काही करायचं नाही. तेव्हा बाळाचं शरीर दिवस-रात्र ओळखत नाही, पोट छोटं असतं, दर दोन-तीन तासांनी दूध लागतंच. त्या काळात एवढंच पाहा: दिवसा पडदे उघडे, घरातले आवाज नेहमीसारखे, रात्री अंधुक दिवा, कमी बोलणं, लंगोट ओला झाला तर मुकाट्याने बदलणं. उलटा दिवस हळूहळू सुलट होतो. चौथ्या महिन्याच्या आसपास नीट झोपणारं बाळ अचानक पुन्हा उठू लागलं तर घाबरू नका, त्याच्या झोपेची घडण बदलत असते. खाली सांगितलेलं काम सहा महिन्यांनंतर सुरू करणं सोयीचं. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर वय प्रसूतीच्या आधी ठरलेल्या तारखेपासून मोजा.

आधी जागा

झोळीचा प्रश्न फक्त सवयीचा नाही. कापडात बाळ अर्धवर्तुळात वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. पालथं पडायला लागलेलं बाळ झोळीत कुशीवर वळून कापडात तोंड खुपसू शकतं. त्यामुळे झोळी सुटेपर्यंतसुद्धा तिच्यात झोपलेल्या बाळाजवळ जागं माणूस हवं, आणि झोप लागली की त्याला गादीवर ठेवायचं.

गादी घट्ट आणि सपाट हवी. तळहाताने दाबून हात उचला. खळगा तसाच राहिला तर ती गादी बाळासाठी नाही. जुन्या कापसाच्या गादीला हमखास मधे खड्डा पडलेला असतो. जमिनीवर सतरंजी आणि वर पातळ घट्ट गादी उत्तम, फक्त भिंतीपासून हातभर लांब, कारण भिंत आणि गादीच्या फटीत बाळ अडकतं. पहिलं वर्षभर बाळाला पाठीवरच झोपवा. ते स्वतः दोन्ही बाजूंनी वळू लागलं की रात्री उठून सरळ करत बसायची गरज नाही. गादीवर उशी, लोड, गोधडी, मऊ खेळणी काही नको. डोकं गोल व्हावं म्हणून केलेली मोहरीची उशीही नको. डोक्याला आकार यायला बाळ जागं असताना पोटावर खेळवणं आणि डोक्याची बाजू बदलत राहणं पुरतं. मच्छरदाणी ताणून लावलेली असू द्या, पंखा चालेल, टोपडं मात्र झोपताना काढा. ऊब पाहायची तर हातपाय चाचपू नका, ते गारच असतात. मानेच्या मागे हात घाला. तिथे घाम असेल तर एक कपडा कमी करा.

आईची गादी शेजारी, बाळाची वेगळी. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन झोपणं सगळ्यात धोक्याचं. दारू, सिगारेट किंवा झोपेची गोळी घेतलेल्या माणसाच्या अंथरुणात बाळ कधीच नको.

झोपेसाठी जायफळ उगाळून देण्याबद्दलही इथेच सांगून टाकू. जास्त मात्रेत जायफळ विषारी असतं, आणि सहाणेवर दोन वेढे दिले की तीन, यावरून मात्रा कळत नाही. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नाही, आणि वर्षाच्या आत मध नाही, चाटण म्हणूनही नाही. शेकशेगडीच्या ओव्याच्या धुरीने बाळ शांत झोपतं असं वाटतं, पण तो धूर त्याच्या फुप्फुसात जातो.

वेळ

4 ते 12 महिन्यांच्या बाळाला दिवसभरात मिळून 12 ते 16 तास झोप लागते, 1 ते 2 वर्षांच्या मुलाला 11 ते 14, आणि 3 ते 5 वर्षांच्या मुलाला 10 ते 13. आठ महिन्यांच्या बाळाचा दिवस साधारण असा बसतो: सकाळी 7 ला उठणं, 9:45 ते 11 पहिली झोप, 2 ते 3:30 दुसरी, रात्री 7:45 ते 8 च्या दरम्यान गादी. म्हणजे जागं राहण्याचा टप्पा सकाळी पावणेतीन तास, मधे तीन, संध्याकाळी सव्वाचार-साडेचार. घड्याळापेक्षा बाळाकडे पाहा. नजर एका जागी खिळते, खेळण्यातून लक्ष उडतं, भुवया लालसर दिसतात; हीच वेळ. डोळे चोळत किरकिर सुरू झाली की उशीर झाला. दमून गेलेलं बाळ लवकर झोपत नाही, उलट चेकाळतं, आणि पहाटे पाचला उठून बसतं.

आपल्या घरांत खरी अडचण इथे असते. बाबा नऊला येतात, जेवणं साडेनऊला, टीव्ही दहापर्यंत. बाळाची झोप बाबांच्या येण्यावर बांधू नका. बाबांना सकाळचा तास द्या, अंघोळ आणि पेज त्यांच्याकडे. आज बाळ दहाला झोपत असेल तर एकदम आठला आणू नका, दर दोन-तीन दिवसांनी 15 मिनिटं अलीकडे घ्या आणि सकाळची उठवणीही तेवढीच अलीकडे ओढा. झोपण्याआधीचा तासभर मोबाइल आणि टीव्ही बाळासमोर नको.

पंधरा रात्री

असा पंधरवडा निवडा ज्यात लस नाही, प्रवास नाही, घरात लग्नकार्य नाही. आधी तीन दिवस कागदावर फक्त वेळा टिपा: कधी झोपलं, कशाने झोपलं, कधी उठलं. आजी-आजोबांना बसवून ठरवा, कारण एकाचा झोका आणि दुसऱ्याची मनाई असा खेळ बाळाला कळत नाही.

रोजचा क्रम एकच ठेवा, अर्ध्या तासाच्या आत संपणारा: कोमट पाण्याने अंग पुसणं, दिवे मंद पण चालू असताना दूध, ढेकर, लंगोट आणि कपडे, एक अंगाई, दिवा बंद. दूध क्रमाच्या सुरुवातीला आहे हे लक्षात घ्या. दूध पिता पिता डोळे मिटले तर झोळीच्या जागी स्तन येतो, बाकी काही बदलत नाही.

पहिल्या तीन रात्री झोळीच वापरा, पण पापण्या जड होऊन हळू मिटू लागल्या की दोरी थांबवा आणि हात झोळीवर ठेवा. रडलं तर लहान झोके द्या, पुन्हा थांबवा. झोप स्थिर झोळीत लागली पाहिजे. झोप लागून पंधरा-वीस मिनिटं झाली की हात उचलून सोडून पाहा. तो ओल्या फडक्यासारखा पडला तर उचलायची वेळ झाली. गादीवर ठेवताना आधी कुल्ले, मग पाठ, शेवटी डोकं. डोकं आधी खाली गेलं की पडल्यासारखं वाटून बाळ दचकतं. ठेवल्यावर तळहात छातीवर मिनिटभर तसाच राहू द्या आणि बोट-बोट करून काढा.

चौथ्या रात्रीपासून संध्याकाळ झाली की झोळी हुकावरून काढून कपाटात ठेवा. समोर लटकत राहिली तर तुमचाच हात आधी जाईल. बाळाला पेंगुळलेलं पण जागं असं गादीवर ठेवा. मांडीच्या बाजूला थोपटा, सेकंदाला एक थाप, आणि जोडीला एकसुरी हुंकार. चाळीस मिनिटं लागतील, पहिल्या रात्री तासही लागेल. फार रडलं तर उचला, खांद्यावर शांत करा आणि झोपायच्या आत परत ठेवा. सातव्या रात्रीपासून थोपटणं थांबवून हात नुसता ठेवायचा. दहाव्या रात्रीपासून हातही काढून शेजारी आपल्या गादीवर पडून राहायचं. एका खोलीच्या घरात इथेच थांबलं तरी काम झालं, खोलीबाहेर जाण्याची गरज नाही.

रात्री उठल्यावर त्या रात्रीची जी पायरी असेल तेवढंच करा, त्याहून जास्त नाही. आणि लगेच उठू नका. बाळं झोपेतच कण्हतात, हातपाय मारतात, एखादी किंकाळीही फोडतात. एक-दोन मिनिटं ऐका; बऱ्याच वेळा ती जाग नसतेच, आपणच उचलून जागं करतो. दिवसाची पहिली झोप सातव्या दिवसानंतर गादीवर आणा. दुपारची सगळ्यात शेवटी सुधारते.

बिघडतं बहुधा चौथ्या-पाचव्या रात्री. तेव्हा रडणं आधीपेक्षा वाढतं, आणि चाळीस मिनिटांनी कोणीतरी झोळी काढतं. त्यातून बाळ शिकतं की चाळीस मिनिटं रडलं की झोका मिळतो. धीर सुटणार असं वाटलं तर पाचव्या मिनिटालाच एक पायरी मागे या आणि दोन रात्री तिथेच थांबा; ते कितीतरी बरं. ताप, जुलाब, सर्दी असेल तर सगळं बाजूला ठेवून हवं तसं जवळ घ्या, बरं झाल्यावर दोन दिवसांनी मागच्या पायरीवरून सुरू करा. बाळाला टप्प्याटप्प्याने एकटं सोडून झोपवण्याच्या पद्धतीही आहेत. अशा पद्धती वापरलेल्या ऑस्ट्रेलियातल्या मुलांच्या पाठपुराव्याचा निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सहाव्या वर्षी कसलंही नुकसान दिसलं नाही. पण चाळीत किंवा पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये ते निभत नाही. अर्ध्यावर सोडलेल्या पद्धतीपेक्षा शेजारी बसण्याची सावकाश पद्धत चांगली.

रात्रीचं दूध

सहा महिन्यांनंतर वजन नीट वाढत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर रात्रीची पाजणी कमी करता येते. बाटली असेल तर दर दोन रात्रींनी 20 ते 30 मिली कमी, अंगावर असेल तर दोन-दोन मिनिटं कमी. पाच मिनिटांच्या आत आलं की त्या वेळी फक्त थोपटा. दात आलेल्या मुलाच्या तोंडात बाटली ठेवून झोपवू नका, पुढचे दुधाचे दात आधी किडतात.

चालायला लागल्यावर

दीड वर्षाच्या आसपास दिवसाच्या दोन झोपांची एक होते. पंधरा दिवस संध्याकाळी चिडचिड चालते, तेवढ्यापुरती रात्रीची झोप अर्धा तास अलीकडे घ्या. दोन वर्षांनंतर “अजून पाणी”, “अजून एक गोष्ट”, “शू आली” सुरू होतं. पाणी आणि शू क्रमातच घ्या, गोष्टी दोन ठरवा आणि कुठल्या दोन ते त्याला निवडू द्या. उठून बाहेर आलं तर न रागावता, न बोलता हात धरून परत न्या, दहा वेळा न्यावं लागलं तरी. झोपल्यावर तास-दोन तासांत मूल उघड्या डोळ्यांनी ओरडत उठलं आणि कोणाला ओळखत नसलं तर त्याला जागं करू नका, लागणार नाही एवढं पाहा. दृष्ट काढायची तर सकाळी काढा. पहाटेच्या स्वप्नाने घाबरलेलं मूल मात्र तुम्हाला ओळखतं आणि बिलगतं. त्याला जवळ घ्या.

रोज घोरणं, तोंडाने श्वास, झोपेत मधेच श्वास थांबल्यासारखा वाटणं, किंवा रात्रभर पाय घासत तळमळणं असेल तर पंधरा रात्रींचा उपयोग नाही. घोरण्यामागे बहुधा सुजलेले टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी असतात, पाय घासण्यामागे लोहाची कमतरता असू शकते. रात्री मिनिटभराचा व्हिडिओ काढून तोच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.