थाई मिरची मिळत नाही? मग या चुका तरी टाळा

थाई पदार्थाच्या कृतीत 'बर्ड्स आय मिरची ५-६' (म्हणजे बारीक थाई मिरची) दिसली की काही जण आठवडी बाजारातल्या जाड पोपटी मिरच्या तेवढ्याच मोजून टाकतात, आणि काही जण 'इथं कुठं मिळणार' म्हणून बेतच सोडतात. भिवापूर-पवनीच्या मिरचीपट्ट्यात राहून असं म्हणणं म्हणजे अतीच झालं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ताज्या मिरचीच्या जागी तिखट टाकणं. टॉम यम या आंबट-तिखट थाई सारात मिरची ठेचून शेवटी शेवटी पडते. तिचा हिरवा, कच्चा वास पाण्यात उतरला पाहिजे. तिखट टाकलं की सार गढूळ होतं आणि चवीला आपला रस्साच लागतो. बाजारात लवंगी मिळाली तर प्रश्नच मिटला. नाही तर ढिगातल्या सगळ्यात बारीक, गडद आणि आखूड मिरच्या वेचा. पण मोजून टाकू नका. थाई मिरची तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापावर साधारण ५०,००० ते १,००,००० भरते आणि आपल्या मिरचीचा तिखटपणा वावरागणिक बदलतो. आधी एक चकती जिभेला लावून पाहा, मग संख्या ठरवा. जहालपणा बियांत नसून त्यांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरेत असतो. कमी हवा असेल तर तीच खरवडून काढा.

लाल करीचं गणित वेगळं आहे. तिथं थाई लोकही मोठ्या वाळक्या मिरच्याच भिजवून वाटतात, म्हणजे इथं आपली भिवापुरी चालते. ती जास्त झणझणीत वाटली तर अर्धी ब्याडगी घ्या, रंगही येतो. देठ काढा, बिया झटका, कोमट पाण्यात २०-२५ मिनिटं भिजवा, घट्ट पिळा आणि मिठाच्या खड्यासोबत खलबत्त्यात कुटा. मिक्सरच वापरायचा असेल तर पाणी घालू नका, चमचाभर दाट नारळाचं दूध घाला. पाण्याचं वाटण परतलं जात नाही, नुसतं उकळतं. आणि फल्लीच्या तेलात तर्री काढायची सवय जरा बाजूला ठेवा. दाट नारळाचं दूध आटवून त्याला तेल सुटलं की त्यातच वाटण परता. सावजीसारखं भाजलेलं खोबरं किंवा गरम मसाला घातलात, तर जेवण झकास होईल, पण ती थाई करी नसेल.

हिरव्या करीच्या वाटणात सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, मुळं लागतात. आपण जुडी आणली की तीच आधी तोडून फेकतो! माती धुऊन, खरवडून वापरा.

गलांगलऐवजी (हा अद्रकासारखाच एक थाई कंद) अद्रक घ्यायचं तर निम्मंच घ्या, वर थोडी लिंबाची साल किसा. काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेलं कुलिंजन, म्हणजे गलांगलच, मिळतं, पण ते लाकडासारखं असतं. मिक्सरची पाती खराब होतील, तेव्हा तुकडा साराबरोबर उकळून काढून टाका. लेमनग्रास म्हणजे परसातला गवती चहाच. पानं गाठ मारून उकळा, वाटणाला बुंध्याचा पांढरा भाग घ्या. माकरूट लिंबाच्या पानाऐवजी लिंबाची किंवा संत्र्याची कोवळी पानं चालतात. काटोल-वरूडकडच्यांना ती सहज मिळतील, फक्त नुकती फवारणी झालेल्या झाडाची नकोत.

पाड क्रापाव या परतलेल्या थाई पदार्थात जे पान पडतं ते तुळशीच्याच जातीचं. वृंदावनातली तुळस कढईत टाकणं घरात कुणाला रुचत नसेल तर सब्ज्याच्या झाडाची पानं घ्या. वास वेगळा येतो, पण चालून जातं. फिश सॉसच्या जागी वाळवलेले झिंगे भाजून, कुटून मिठासोबत घाला.

पदार्थ फारच तिखट झाला तर पाणी वाढवून काही होत नाही, कारण तिखटपणाचं कॅप्सायसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. नारळाचं दूध वाढवा, गुळाचा खडा टाका. हात चुरचुरले तर आधी तेल चोळा, मग साबण लावा. चांगल्या बारीक मिरच्या मिळाल्या की देठासकट धुऊन, पूर्ण कोरड्या करून फ्रीझरमध्ये ठेवा; वापरताना वितळू देऊ नका, गोठलेल्याच चिरा.