अभियंता आणि शास्त्रज्ञ स्त्रियांच्या कामाची नोंद कशी करावी

नाशिक परिसरातील ओझरचा विमान कारखाना, एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र, दिंडोरी रस्त्यावरील मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) अशा ठिकाणी तांत्रिक पदावर काम करून निवृत्त झालेली एखादी मावशी किंवा शेजारच्या काकू आपल्या ओळखीत असतील, तर त्यांच्या कामाची नोंद त्यांच्याच तोंडून आणि लवकर करून ठेवावी.

सुरुवात नावापासून करावी. माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही पूर्ण नावे वहीच्या पहिल्या पानावर लिहावीत. ही बाब किरकोळ वाटते, परंतु शोध बहुधा इथेच अडतो. कमला सोहोनी यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली ती विवाहापूर्वी, कमला भागवत या नावाने. त्यामुळे वनस्पतींतील सायटोक्रोम सी या प्रथिनाविषयीचे त्यांचे संशोधन ‘सोहोनी’ या आडनावाखाली शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही. आनंदीबाई जोशी यांचेही माहेरचे नाव यमुना होते.

पदवीपत्र, नेमणुकीचा आदेश, सेवापुस्तकाची प्रत आणि छायाचित्रे यांच्या प्रती काढाव्यात, आणि छायाचित्रामागे पेन्सिलीने सर्वांची नावे लिहावीत.

मुलाखतीत ‘घर सांभाळून हे कसे जमवलेत?’ हा प्रश्न अगदी शेवटी विचारावा, कारण तो आधी विचारला की सारे बोलणे घराकडेच वळते आणि काम बाजूला राहते. त्याऐवजी पहिल्या दिवशी कोणते उपकरण हाती दिले, आराखड्यावर सही कोणाची होत असे, रात्रपाळीला कोण जात असे, हिशेब कशावर करत, हे विचारावे. उत्तरातील तांत्रिक शब्द त्यांच्याच उच्चारात टिपावेत.

पदवी नसलेल्या स्त्रियांनाही वगळू नये. ज्यांचा चित्रपटनिर्मितीचा व्याप १९१३ मध्ये नाशिकला आला, त्या दादासाहेब फाळके यांच्या कामात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला छिद्रे पाडत, रसायने तयार करत आणि फिल्म धुत असत. माझ्या मते हे निखळ तंत्रज्ञाचे काम आहे, आणि ‘पतीला मदत’ एवढ्या दोन शब्दांत ते लिहिणे अन्यायाचे ठरेल.

सांगितलेली वर्षे कागदपत्रांशी, तसेच १८४० मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात मिळतील त्या नियतकालिकांच्या जुन्या अंकांशी ताडून पाहावीत. शेवटी संपूर्ण मसुदा त्यांना वाचून दाखवावा, त्या सांगतील त्या दुरुस्त्या कराव्यात, लेखी संमती घ्यावी आणि पहिली प्रत त्यांच्या हाती द्यावी.