साऊंडबार घ्यायचाय? आधी टीव्हीची पाठ बघा

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की म्हापसा, मडगावच्या दुकानांत ऑफर लागतात आणि घरोघरी तोच विषय निघतो, टीव्ही एवढा मोठा घेतला पण आवाज कसा डब्यातून आल्यासारखा येतो. पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नसते आणि बऱ्याच टीव्हींत ते खाली तोंड करून बसवलेले असतात, मग दुसरं काय होणार. साऊंडबारने, म्हणजे टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरने, फरक पडतो, नक्की पडतो, फक्त घाईत घेऊ नका.

दुकानात जायच्या आधी टीव्हीच्या मागच्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढा. एचडीएमआयच्या एखाद्या पोर्टवर एआरसी किंवा ईएआरसी (ARC, eARC, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच केबलने बारकडे पाठवायची सोय) लिहिलेलं असलं तर बारमध्ये पण ते असलंच पाहिजे, कारण मग एका केबलवर काम होतं आणि टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमीजास्त होतो, घरातल्या वडीलधाऱ्यांना दोन रिमोट सांभाळावे लागत नाहीत. एआरसी 2009 च्या एचडीएमआय 1.4 पासून आहे, त्यामुळे जुन्या टीव्हीत पण सापडू शकतं. नसेल तर ऑप्टिकल (प्रकाशातून आवाज नेणारी डिजिटल केबल), तेही चांगलं, फक्त बारचा रिमोट वेगळा वापरावा लागेल. ब्लूटूथवर मात्र भरवसा ठेवू नका, कधी कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, बातम्या बघताना डोकं उठतं.

आता वॅट. खोक्यावर मोठा आकडा असतो पण तो आरएमएस (सतत मिळणारी खरी ताकद) आहे का पीएमपीओ (क्षणभराची कमाल ताकद) ते विचारा. पीएमपीओ आकडा नुसता फुगवलेला असतो, त्यावर तुलना करू नका.

ॲटमॉसचं (आवाज वरूनही आल्यासारखा वाटायचं डॉल्बीचं तंत्र) स्टिकर बघून जादा पैसे द्यायच्या आधी घरी जाऊन वर बघा. आवाज वर फेकणाऱ्या स्पीकरला सपाट, कडक छत लागतं, त्यावर आपटून तो खाली आपल्यापर्यंत येतो. फ्लॅटमध्ये स्लॅब असतो तिथे ठीक, पण आपली चिऱ्याची जुनी घरं, वर उतरतं कौलारू छप्पर, तिथे तो आवाज कुठल्या कुठे जातो. कमी बजेटच्या बऱ्याच बारमध्ये तर वर फेकणारे स्पीकरच नसतात, ॲटमॉस नुसतं नावाला.

मग पैसे कशाला घालायचे? संवादाला. आमच्या फोंड्याच्या घरी आधी दणदणीत बेसवाला बार आणला होता, गाणी छान वाजायची, पण जून लागला, कौलांवर पाऊस सुरू झाला आणि आईला नाटकातलं एक वाक्य धड कळेना, आवाज वाढवला की बेसच वाढायचा. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, 3.1 (डावा, उजवा, मधला स्पीकर आणि बेससाठी वेगळा सबवूफर) परवडत असेल तर तोच घ्या, त्यातला मधला स्पीकर मुख्यतः बोलण्यासाठीच असतो. नाही परवडला तर 2.1 (मधला स्पीकर नसलेला) घ्या पण त्यात संवाद मोड हवा आणि सबवूफरचा आवाज वेगळा कमी करता आला पाहिजे. दुकानदार ॲक्शनवाला डेमो लावेल, त्याला मराठी बातम्या लावायला सांगा आणि आवाज एकदम कमी करून शब्द कळतात का ते ऐका.

माप पण घेऊन जा. 43 इंची टीव्ही साधारण 96 सेंमी रुंद असतो, बार त्याहून लांब नको, आणि टीव्हीच्या पायांपेक्षा उंच असला तर रिमोटचा सेन्सर झाकला जातो. वायरलेस सबवूफरला पण विजेचा प्लग लागतोच हं, तो कुठे आहे बघून ठेवा. कोपऱ्यात कोंबलात तर घुमेल, थोडा पुढे ओढा.

घरी आणल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये साऊंड आउटपुट बदला आणि सीईसी, म्हणजे एकाच रिमोटने दोन्ही चालवायची सोय, चालू करा (सॅमसंगवर ॲनीनेट प्लस, एलजीवर सिंपलिंक). ऑप्टिकल केबलच्या टोकांची प्लास्टिकची छोटी टोपणं काढायला विसरू नका, आणि तरी आवाज आला नाही तर डिजिटल आउटपुट पीसीएम (साधा डिजिटल आवाज) करून बघा, बऱ्याचदा तिथेच अडकलेलं असतं.

एक मात्र कराच, चांगला सर्ज प्रोटेक्टर लावा आणि गडगडायला लागलं की टीव्ही, बार, सबवूफर सगळ्यांचे प्लग काढा, सेट टॉप बॉक्सची केबल पण. आणि पैसे द्यायच्या आधी विचारून घ्या, बिघडला तर सर्व्हिस गोव्यातच होते का बाहेर पाठवतात.