वर्डप्रेसच्या पानात पीएचपी कोड टाकताय? या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखानदाराला वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) बांधलेल्या साइटवर रोजचा भाव दाखवायचा असतो. चाटी गल्लीतल्या चादरीच्या दुकानाला ‘दुकान आत्ता उघडं आहे’ एवढी पाटी हवी असते. साइट सांभाळणारा पोरगा कुठूनतरी पीएचपीच्या (सर्व्हरवर चालणारी प्रोग्रामिंग भाषा) चार ओळी आणतो आणि पानाच्या एडिटरमध्ये चिकटवतो. पान सेव्ह होतं, पण भावाच्या जागी कोड जसाच्या तसा दिसतो, नाहीतर काहीच दिसत नाही.

बिघाड कुठेच नसतो. पानाचा मजकूर डेटाबेसमध्ये राहतो आणि वर्डप्रेस तो मजकूर म्हणूनच ब्राउझरकडे पाठवतं. सर्व्हर पीएचपी चालवतो ते फाइलींमधलं.

यावर उपाय म्हणून पानातला पीएचपी चालवून देणारं प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, टाकलं जातं. सगळ्यात महागात पडते ती ही चूक. डेटाबेसमधला मजकूर कोड म्हणून चालायला लागला, की ज्याला पान बदलता येतं त्याला सर्व्हरवर काहीही करता येतं. नुसते टॉवेलचे फोटो चढवणाऱ्या माणसाचा पासवर्ड फुटला, तरी गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि ऑर्डरी उघड्या पडू शकतात. द्रुपल या वर्डप्रेससारख्याच सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय मूळ सॉफ्टवेअरसोबतच यायची. २०१५ साली आलेल्या आठव्या आवृत्तीत ती काढून टाकली. यावरून काय ते समजून घ्या.

पानात फक्त शॉर्टकोड (कोडला हाक मारणारा, चौकटी कंसातला शब्द) ठेवा आणि कोड फाइलीत लिहा. ती फाइल थीमची (साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्याची) फंक्शन्स फाइल नको, कारण थीम अपडेट झाली की तुमचं लिखाण पुसलं जातं. स्वतःचं छोटं प्लगिन करा. एक फाइल पुरते.

शॉर्टकोडचा मजकूर भलतीकडेच, पानाच्या अगदी वर दिसत असेल, तर फंक्शनमध्ये ‘एको’ (मजकूर तिथल्या तिथे छापणारी आज्ञा) वापरलंय का ते पाहा. तिथे ‘रिटर्न’ (मजकूर परत देणारी आज्ञा) लागतं. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून कोड आणला असेल तर वळणदार अवतरणचिन्हं आधी तपासा, पीएचपीला ती चालत नाहीत.

उघड्या-बंदच्या पाटीत हमखास चुकतं ते घड्याळ. वर्डप्रेस पीएचपीची वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर ठेवतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सोलापुरात सकाळी १० ला शटर वर गेलं, तरी कोडच्या लेखी पहाटेचे साडेचारच वाजलेले असतात. साधं ‘डेट’ फंक्शन सोडून ‘डब्ल्यूपी डेट’ वापरा आणि सेटिंगमध्ये टाइमझोन कोलकाता निवडा.

चालू साइटवर थेट प्रयोग करू नका, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत तर नाहीच. एक अर्धविराम (;) राहिला तरी अख्खी साइट बंद पडू शकते. ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा वेळी ॲडमिनच्या ईमेलवर दुरुस्तीची लिंक पाठवतं. तो ईमेल पत्ता जुन्या डेव्हलपरचा राहिला नाही ना, ते आजच पाहून घ्या. लिंक आलीच नाही, तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदला. प्लगिन बंद होतं, साइट उघडते. चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे हे डीबग लॉगमध्ये (चुकांची नोंद ठेवणाऱ्या फाइलीत) सापडतं, मात्र ती गिऱ्हाइकाला पडद्यावर दिसणार नाही असं सेटिंग ठेवा.

आणि सगळं बरोबर असूनही कालचाच भाव दिसत असेल, तर कोडला हात लावण्याआधी कॅशे (पानाची साठवून ठेवलेली जुनी प्रत) साफ करा. भावाचं पान कॅशेतून कायमचं वगळा.