वर्षावनात फिरताना आधी बुटांकडे बघा

वर्षावनात पहिल्यांदा गेलेला माणूस मान वर करून चालतो. तीस-चाळीस मीटर उंच झाडं, त्यांवरून लोंबणाऱ्या वेली, कुठून तरी येणारी शीळ. बघावं जरूर, पण आपल्या हातून जे नुकसान होतं ते बहुतेक खाली, पायांशी होतं. एवढी हिरवाई म्हणजे माती कसदार असणार असं वाटतं, आणि बहुतेक वर्षावनांत ते खरं नसतं. तिथला कस झाडांच्या अंगात आणि जमिनीवरच्या पातळ थरात असतो. पान पडलं की बुरश्या आणि वाळवी त्याचा फडशा पाडतात, आणि त्यातून जे सुटतं ते बारीक मुळं लगेच उचलतात. ही मुळं बहुतेक वरच्या वीतभर मातीतच असतात. तुडवून तुडवून तो थर दबला की पाणी मुरायचं थांबतं आणि वाहू लागतं. वर्षाला २००० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो अशा जागी पाणी वाहिलं की सोबत मातीही जाते.

म्हणून या लेखात बूट वारंवार येणार आहेत.

आदल्या दिवशी बूट धुवा

सामानाच्या यादीत हे सहसा नसतं, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं हेच. मागच्या ट्रेकचा वाळलेला चिखल तळव्याच्या खाचांत तसाच असतो. त्यात तणाचं बी असू शकतं, बुरशीचे बीजाणू असू शकतात. कायट्रिड नावाच्या बुरशीने बेडकांचं काय केलं ते माहीत असेल तर हा आळस करवत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार उभयचरांच्या किमान ५०१ जातींची संख्या या रोगाने घटली आणि त्यांतल्या ९० जाती नामशेष झाल्या असाव्यात. ही बुरशी जगभर पसरली त्यात प्राण्यांच्या व्यापाराचा वाटा मोठा आहे, पण ओल्या चिखलातूनही ती एका ओढ्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकते. हवाई बेटांवर ओहिया झाडं मारणारी एक बुरशी आहे. तिथे जंगलात जाण्याआधी आणि आल्यावर बूट घासून त्यांवर ७० टक्के अल्कोहोल फवारायला सांगतात.

घरी तसंच करा. आधी कडक ब्रशने खाचा मोकळ्या करा, मग साबणाच्या पाण्याने धुवा, मग अल्कोहोल फवारा आणि बूट पूर्ण वाळू द्या. हा क्रम बदलू नका. चिखलाच्या थरावर अल्कोहोल मारून काही उपयोग नाही, ते आतपर्यंत पोचत नाही. काठीचं टोक, तंबूचा तळ, पँटची दुमडलेली कड आणि वेल्क्रोच्या पट्ट्याही तपासा. वेल्क्रोत बिया इतक्या घट्ट अडकतात की चिमटा घेऊन बसावं लागतं.

सॅक भरताना

खाऊची वेष्टनं घरीच काढा आणि सगळं डब्यांत भरा. जंगलात उघडलेलं पाकीट वाऱ्यापावसात हातातून कधी निसटतं ते कळत नाही. डासांसाठी पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लांब पँट हा पहिला उपाय, क्रीम फक्त उघड्या त्वचेपुरतं. कपड्यांवर मारायच्या औषधांत परमेथ्रिन असतं. ते मासे आणि पाण्यातल्या किड्यांना अतिशय विषारी आहे. तसे कपडे घालून किंवा अंगाला क्रीम फासून ओढ्यात डुंबू नका.

वाटेवर

वाटेत चिखल आला तर मधून जा. बाजूच्या पाल्यावरून वळसा घालायचा मोह प्रत्येकाला होतो, आणि अशा वळशांनीच फूटभराची पायवाट बैलगाडी जाईल एवढी रुंद होते. गमबूट घाला म्हणजे चिखलाची धास्ती उरत नाही. एकामागोमाग एक चाला आणि काठीच्या टोकाला रबरी टोपी लावा. घसरताना झाडाला धरायचं टाळा. खोडावर काटे असतात, मुंग्यांच्या रांगा असतात, आणि त्यावरच्या शेवाळाला परत वाढायला वेळ लागतो.

परतायची वेळ निघण्याआधीच ठरवा. विषुववृत्ताजवळ दिवस साधारण बारा तासांचा असतो आणि संधिप्रकाश फार टिकत नाही. त्यात झाडांच्या शेंड्यांच्या घनदाट छतातून जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के उजेड पोचतो, त्यामुळे आत अंधार लवकर होतो. घाईत माणूस आडवाटेने झाडी तुडवत जातो. ओढा फुगला असेल तरी नवी वाट काढत बसू नका. पाणी उतरेपर्यंत थांबा, नाहीतर आल्या वाटेने परता.

जळू लागली तर मीठ नको, लायटर तर नकोच. तिच्या तोंडाशी नख सरकवून पकड सोडवा आणि तिला पाल्यात टाकून द्या. जखम थोडा वेळ वाहत राहील, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. घाबरू नका, जखम स्वच्छ करून पट्टी लावा.

शौचाचं काय

निघण्याच्या ठिकाणी सोय असेल तर तीच वापरा. नसेल तर पाणी आणि पायवाट यांपासून ६० मीटर दूर जा. वरचा पाला अलगद बाजूला सारा, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करा, नंतर माती ढकलून पाला परत पसरा. खड्ड्यात पाणी झिरपत असेल तर ती जागा उपयोगाची नाही. टिश्यू पेपर दुहेरी पिशवीत घालून परत आणा. संत्र्याच्या सालीही त्याच हिशेबात धरा.

प्राणी दिसला तर

बेडूक हातात घेऊ नका. तो त्वचेतून श्वास घेतो, पाणीही त्वचेतूनच शोषतो, त्यामुळे तुमच्या तळहातावरचं क्रीम थेट त्याच्या अंगात जाऊ शकतं. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणं मला बिलकूल पटत नाही. आपल्या हद्दीत कोणी घुसलं असं समजून तो खाणं सोडून धावपळ करतो. गोरिला बघायला जाणार असाल तर किमान १० मीटर अंतर ठेवा, मास्क लावा आणि सर्दी असेल तर जाऊच नका. आपला साधा खोकला त्यांच्या कळपाला महागात पडू शकतो.

पडलेली फळं उचलू नका. ऑस्ट्रेलियाच्या डेनट्री वर्षावनात कॅसोवरी हा मोठा पक्षी अशी फळं अख्खी गिळतो आणि त्यांच्या बिया दूर नेऊन टाकतो. दुर्मीळ ऑर्किडचा फोटो टाकायचा असेल तर आधी त्यातली ठिकाणाची माहिती काढून टाका. चोरही फोटो बघतात.

बाहेर पडताना

गाडीत बसायच्या आधी बूट पुन्हा घासा, तेही वाटेच्या तोंडाशीच आणि ओढ्यापासून लांब. ब्रश विसरला असाल तर पडलेल्या काटकीने खाचा कोरा. तो चिखल तिथेच पडू द्या, घरी आल्यावर साबण आणि अल्कोहोल आहेच.