जुन्या कारचा कूलंट टेम्परेचर सेन्सर घरी बदलताना

दहा-पंधरा वर्षे वापरलेली पेट्रोल कार सकाळी सुरू व्हायला त्रास देऊ लागली, ॲव्हरेज एकाएकी घसरले, सायलेन्सरमधून काळपट धूर येऊ लागला किंवा इंजिन गार असतानाही रेडिएटरचा पंखा फिरत राहिला, तर कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. इंजिन किती तापले आहे हे ईसीयूला, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला, याच सेन्सरकडून कळते आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचे ते ठरते. तापलेले इंजिन गारच आहे असा चुकीचा निरोप मिळत राहिला, तर पेट्रोल जास्त जाते, प्लग काळे पडतात आणि दुर्लक्ष लांबले तर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही निकामी होतो.

तरीही नवा सेन्सर आणण्याची घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. गाडीतले दोष-कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर दिसणारा पी ०११७ किंवा पी ०११८ हा कोड सेन्सर, कनेक्टर आणि वायरिंग या सगळ्या सर्किटबद्दल बोलत असतो; एकट्या सेन्सरवर तो दोष ठेवत नाही. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी फक्त चावी फिरवून स्कॅनरवर कूलंटचे तापमान पाहावे. ते बाहेरच्या हवेच्या तापमानाशी जवळपास जुळायला हवे. तिथे उणे ४० अंश दिसत असेल तर सर्किट कुठेतरी तुटलेले आहे; गार इंजिनाचे तापमान शंभराच्या बरेच वर दिसत असेल तर कुठेतरी शॉर्ट झालेले आहे.

मग चावी बंद करून कनेक्टर काढावा. उष्णतेने जुने प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते, म्हणून वायरी ओढण्याऐवजी लॉकची पट्टी दाबून तो हळूच सोडवावा. आतल्या पिनांवर हिरवट गंज, ओल किंवा सैलपणा आहे का, हे उजेडात नीट पाहावे. समुद्राजवळ वापरलेल्या गाड्यांत हा गंज हमखास सापडतो, आणि पावसाळ्यात बॉनेटखाली उंदरांनी वायरी कुरतडणे ही तर नेहमीचीच गोष्ट आहे. कनेक्टर सुटा ठेवून पुन्हा चावी लावली असता त्याच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटरवर सुमारे ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. ते मिळत नसतील तर दोष वायरिंगचा किंवा ईसीयूचा आहे आणि नव्या सेन्सरने काहीही साधणार नाही. हे तपासताना पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून हात लांब ठेवावेत.

व्होल्टेज ठीक असल्यास सेन्सरचा रोध (रेझिस्टन्स) मोजावा. अनेक जपानी, कोरियन आणि युरोपीय गाड्यांत तो २० अंश सेल्सिअसला सुमारे २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहम असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. काढलेल्या सेन्सरचे टोक गरम पाण्यात धरले की आकडा सलग खाली यायला हवा. तो मध्येच उड्या मारत असेल किंवा जागचा हलतच नसेल, तर सेन्सर बदलावा.

प्रत्यक्ष बदलण्याचे काम तुलनेने सोपे आहे, मात्र इंजिन पूर्ण गार असल्याशिवाय त्याला हात लावू नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले तर दाबाखालचे उकळते कूलंट उसळून अंगावर येते आणि गंभीर भाजते. सेन्सर बहुधा थर्मोस्टॅट हाउसिंगजवळ, म्हणजे कूलंटचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या झडपेच्या घराजवळ, असतो. काही गाड्यांत शेजारीच मीटरच्या काट्यासाठी एका वायरीचा वेगळा सेंडर असतो. ईसीयूचा सेन्सर दोन वायरींचा असतो, एवढे पाहूनच पाना लावावा. रेडिएटरमधले थोडे कूलंट स्वच्छ भांड्यात काढून पातळी सेन्सरच्या खाली आणावी आणि मग जुना सेन्सर खोलून काढावा.

हाउसिंग ॲल्युमिनियमचे असल्यामुळे आटे लवकर मरतात. नवा सेन्सर नव्या वॉशरसह किंवा ओ-रिंगसह आधी बोटांनीच फिरवून बसवावा, मगच पाना वापरावा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कपेक्षा जास्त जोर लावू नये. वॉशर असताना टेफ्लॉन टेपची गरज नसते. एका वायरीच्या सेंडरवर तर ती गुंडाळूच नये, कारण त्याला अर्थिंग आट्यांमधूनच मिळते.

त्यानंतर त्याच प्रकारचे कूलंट भरावे. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी वापरू नये. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडे असतानाच इंजिन सुरू करावे आणि बुडबुडे येऊन पातळी उतरेल तसे कूलंट घालत राहावे. ते फुगून वर येऊ लागण्याआधी झाकण बसवावे, मग पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबावे आणि सेन्सरभोवती गळती नाही ना हे पाहावे. हवा अडकून राहिली तर नवा सेन्सरही चुकीचे तापमान दाखवतो, म्हणून या टप्प्यावर घाई नको. शेवटी कोड पुसावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी. सांडलेले कूलंट लगेच पुसून घ्यावे: त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि थोडेसे चाटल्यानेही कुत्र्या-मांजरांचा जीव जाऊ शकतो.